नको असताना समोर आलेले भयंकर व्हिडिओ : अनुभव आणि उपाय

रानजाई
सकाळी एका ग्रुपवर अपघाताची क्लिप पडलेली दिसली आणि मार्च २०१९ आठवला. १५ तारखेला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, मारेकऱ्याने तो फेसबुकवर लाइव्ह दाखवला. लाइव्ह पाहणारे २०० सुद्धा नव्हते, मूळ व्हिडिओ काढेपर्यंत साधारण ४००० वेळा पाहिला गेला. पण पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या, बाकीच्या आत शिरल्याच होत्या. ज्यांच्यासमोर त्या आल्या त्यातल्या कितीतरी जणांनी शोधल्या नव्हत्या, स्क्रोल करताना आपोआप सुरू झाल्या.
ज्याला जे नीट माहीत आहे ते लिहा. क्लिपचं वर्णन नको, लिंक तर मुळीच नको.

पिंपळपान
आधी व्हॉट्सअ‍ॅप. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी असतात. बहुतेक लोक फक्त मोबाइल डेटाच्या खुणा काढतात आणि घरी आल्यावर वाय-फायवर सगळं उतरतं. तिन्हीकडचे फोटो आणि व्हिडिओ काढा. मग चॅटमध्ये अंधुक चौकोन दिसतो, तुम्ही बोट लावल्याशिवाय उघडत नाही.
दुसरं, चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा म्हणजे गॅलरीत येणार नाही. हे फक्त पुढच्या मीडियाला लागू होतं, आधी आलेलं गॅलरीत तसंच राहतं, ते हाताने काढावं लागतं. आयफोनवर 'सेव्ह टू फोटोज' बंद करा.

कोकणी_मेवा
स्टोरेज पण वाचतं याने. आईच्या फोनमध्ये गुड मॉर्निंगच्या फुलांनीच सगळी जागा खाल्ली आहे

पिंपळपान
@कोकणी_मेवा मॅनेज स्टोरेजमध्ये जा, तिथे 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा वेगळा कप्पा असतो. फुलं आणि अपघात दोन्ही बहुधा तिथेच सापडतात.

अबोली_नाशिक
डिलीट केलं म्हणजे गेलं असं नाही. गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर प्रत तिकडेही जाते. डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये पडतं, बॅकअप घेतलेलं ६० दिवस आणि न घेतलेलं ३० दिवस. ट्रॅशही रिकामा करा. आणि 'मेमरीज' त्या तारखेचे फोटो पुढच्या वर्षी स्वतःहून समोर आणू शकतं, तिथे ती तारीख लपवायची सोय आहे. घरात कुणी गेलं असेल, त्या दिवसांचे हॉस्पिटलमधले फोटो असतील तर हे नक्की करा, फार त्रास होतो लोकांना.

रानजाई
@अबोली_नाशिक ही तारखेची गोष्ट खूप जणांना उपयोगी पडेल गं

शब्दवेडा
ऑटोप्ले, म्हणजे व्हिडिओ आपोआप सुरू होणं. एक्सवर ॲक्सेसिबिलिटी, मग डेटा युसेज, मग ऑटोप्ले 'नेव्हर'. फेसबुकवर सेटिंग्जच्या मीडियामध्ये 'नेव्हर ऑटोप्ले'. यूट्यूबला 'प्लेबॅक इन फीड्स' बंद. इन्स्टाच्या रील्सना असं बटण नाही, तिथे 'सेन्सिटिव्ह कंटेंट' कमीवर ठेवता येतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे सेटिंग सगळ्यात कडक ठेवलेल्यांनाही हिंसक रील्स दिसल्या, मेटाने चूक मान्य करून माफी मागितली. गूगल सर्चमध्ये सेफसर्च 'ब्लर'वर असेल तर नग्नतेबरोबर रक्तपातही धूसर होतो.

तिठा
आयफोनवर 'सेन्सिटिव्ह कंटेंट वॉर्निंग' पण आहे ना?

शब्दवेडा
आहे, iOS १७ पासून, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत. ते नग्नता ओळखतं. अपघात, मारहाण याच्यासाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

सह्यकडा
फॅक्टचेक करणाऱ्यांना बघावंच लागतं, त्यांची पद्धत सांगतो. आधी आवाज बंद. किंकाळ्या चित्रापेक्षा जास्त काळ डोक्यात राहतात, आणि जागा ओळखायला आवाज क्वचितच लागतो. खिडकी लहान करायची, स्क्रीन काळी-पांढरी, सलग न चालवता छोट्या चित्रांची पट्टी आधी पाहायची आणि नको त्या भागावर हात किंवा कागद ठेवायचा. रात्री झोपण्याआधी नाही. सहकाऱ्याला फाइल पाठवताना तिच्या नावातच 'मृतदेह, ००:४० पासून' असं लिहायचं.

तिठा
सॅमसंगवर काळं-पांढरं कुठे सापडेल

सह्यकडा
ॲक्सेसिबिलिटी, व्हिजन, कलर करेक्शन, ग्रेस्केल.

मनमोर
दिसून गेलंच तर काय, त्याबद्दल. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना अपघात-मृत्यूंची फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने काहींना १० मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे जुळवायचा गेम, खेळायला दिलं. त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. कारण असं मांडतात की ठोकळे फिरवताना मेंदूचा चित्र सांभाळणारा भाग गुंतलेला असतो, त्यामुळे ते दृश्य घट्ट बसत नाही. त्यांच्याच २०१० च्या प्रयोगात शब्दांचा प्रश्नोत्तरी खेळ दिल्यावर उलट जास्त आठवलं. म्हणजे बघून हादरला असाल तर लगेच दहा जणांशी त्याची चर्चा करण्यापेक्षा आकारांचं काम हातात घ्या. रांगोळी, जिगसॉ, विणकाम यांवर तो प्रयोग झालेला नाही, पण जात तीच.
बॉस्टन मॅरेथॉनच्या २०१३ च्या स्फोटांनंतरही एक अभ्यास झाला. त्यानंतरच्या आठवड्यात रोज ६ किंवा जास्त तास त्याचं कव्हरेज बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताण, प्रत्यक्ष जवळ असणाऱ्यांपेक्षाही जास्त आढळला. तेव्हा 'नुसता व्हिडिओच तर होता' असं कुणाला म्हणू नका.
झोप उडाली, दृश्य परत परत येतंय, महिना झाला तरी कमी नाही, तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अबोली_नाशिक
❤️ १४४१६ सेव्ह केला

बालवाडी_ताई
लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समध्ये 'अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली' निवडा. मग सर्च बंद होतं आणि तुम्ही टिक केलेलंच दिसतं. वयाचा गट निवडून सोडून देणं पुरत नाही. २०१७ मध्ये ओळखीची कार्टून पात्रं वापरून इंजेक्शनं, रक्त, मारहाण असलेले व्हिडिओ मुलांच्या यादीत शिरले होते, कारण गाळणी यंत्राची होती.
मुलाने काही पाहिलं तर फोन हिसकावू नका. शिक्षा झाली की पुढच्या वेळी ते सांगत नाही. 'काय दिसलं, तेव्हा काय वाटलं' एवढंच विचारा, तपशील उकरू नका. त्या रात्री जवळ झोपवा.

कोकणी_मेवा
ताई माझा भाचा ४ वर्षांचा आहे, टीव्हीवर बघतो. टीव्हीला पण होतं का हे सेटिंग?

बालवाडी_ताई
हो रे. फोनवरून त्याचं प्रोफाइल बनव आणि टीव्हीवर यूट्यूब ॲपमध्ये तेच निवड. टीव्हीसाठी यूट्यूब किड्सचं वेगळं ॲप होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं.

गावठाण
'सावध राहा, सगळ्यांना पाठवा' म्हणून टाकणारे सर्वात जास्त पसरवतात. २०१८ ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेत कराचीच्या जनजागृती फिल्मचा शेवट कापून फिरवला होता, ज्यात मूल परत आणून सोडतात. त्याच अफवांत १ जुलैला साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ५ जण मारले गेले. आणि मग त्या मारहाणीचेच व्हिडिओ गावोगाव फिरले. त्यांच्या घरच्यांच्या फोनवर ते पोचले असतील याचा विचार कुणीच केला नाही.
ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. लगेच करा. ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो, म्हणून खाली एक ओळ टाका की गॅलरीतूनही काढा.

पिंपळपान
+१. बातमी महत्त्वाची असेल तर रस्ता बंद आहे, कुठून वळायचं हे लिहा. त्याला चित्र लागत नाही.

वकिलीण_बाई
मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही आलं तर नियम वेगळा. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढू नका, कुणालाही फॉरवर्ड करू नका, नवऱ्याला किंवा ग्रुप ॲडमिनलासुद्धा नाही. आयटी कायद्याचं कलम ६७ब आणि पोक्सोचं कलम १५ यात बाळगणं आणि पसरवणं येतं. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहून घ्या आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. या प्रकारात नाव न देता तक्रार करता येते. मूल संकटात आहे असं दिसलं तर १०९८.
अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येऊन समोर नग्न व्यक्ती दिसली तर लगेच कट करा. तुमचा चेहरा रेकॉर्ड करून पैसे मागतात. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. इथे मात्र धमकीचे मेसेज आणि नंबर जपून ठेवा आणि १९३० ला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू केलं तर असे कॉल वाजत नाहीत.

तिठा
याने कुरिअरवाल्याचे कॉल पण बंद होतील का?

वकिलीण_बाई
व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेलेच. साधा फोन वाजतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल यादीत दिसतो, परत करता येतो.