'साइज कमी कर' म्हणजे नेमकं काय कमी करायचं?

परवा एकाला म्हटलं, फोटोची साइज कमी कर, पेज उघडायला फार वेळ लागतोय. त्याने पेजवर फोटो ८०० पिक्सेल रुंद दिसेल असं केलं, पण फाइल मात्र तीच, ४००० बाय ३००० ची, त्यामुळे पेज होतं तसंच रखडतंय. चूक त्याची नाहीच, शब्दाची आहे, लांबी-रुंदीलाही आपण साइज म्हणतो आणि केबी-एमबीलाही साइजच. माझं मत, पिक्सेलला 'आकार' म्हणावं आणि केबीला 'वजन'. 'फोटो जड झालाय', 'पेज हलकं कर' असं तर आपण बोलतोच! आणि आकार आधी बघायचा, कारण ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल आणि ८०० बाय ६०० म्हणजे जेमतेम ४ लाख ८० हजार, सरळ पंचविसावा हिस्सा. पण मग कॉम्प्रेसला, म्हणजे पिक्सेल तेवढेच ठेवून फाइलचं वजन कमी करण्याला, काय म्हणायचं? 'संपीडन' काही तोंडात बसत नाही.

----

'आवळणं' म्हणा ना. फक्त त्यात दोन प्रकार आहेत ते वेगळे ठेवायला हवेत. पीएनजी हा फोटो साठवायचा एक फाइल-प्रकार, तो म्हणजे कपड्याची घडी, उलगडली की सगळं जसंच्या तसं, म्हणून लॉसलेसला, म्हणजे काही न गमावता आवळण्याला, 'घडी घालणं'. जेपेग हा दुसरा फाइल-प्रकार, डोळ्याला फारसं कळत नाही ते तो गाळून टाकतो आणि गाळलेलं परत येत नाही, म्हणून लॉसीला, म्हणजे थोडं गमावून आवळण्याला, 'गाळणं'. लॉसीला 'हानिकारक' अजिबात नको, फोटोसाठी तेच योग्य असतं. स्क्रीनशॉट मात्र जेपेगमध्ये सेव्ह करून झूम करून बघा, अक्षरांच्या कडेला धूळ बसल्यासारखे दाणे दिसतील, कारण जेपेग ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं आणि काळ्या-पांढऱ्याची तीव्र कड त्यात नीट बसत नाही. वेबपी या तिसऱ्या फाइल-प्रकारात दोन्ही जमतं, घडीही आणि गाळणंही.

----

'गाळणं' एकदम पटलं. फक्त क्रॉपला, म्हणजे फोटोचा नको तो भाग कापून टाकण्याला, 'कातरणं' म्हणू या, नाहीतर पुन्हा घोळ.

आणि लेझी लोडिंगला 'आळशी' कृपा करून नको, फोटो आळशी नसतो, स्क्रोल करत आपण त्याच्या जवळ पोचलो की मगच तो मागवला जातो, तेव्हा 'लागेल तसं आणणं' हे सरळ आहे. पेज उघडताच जो फोटो समोर दिसतो त्याला मात्र हे लावू नका, तो उलट उशिरा येतो.