बाबागाडी घेताना : तुमचे अनुभव सांगा

मोरपिशी
भाचीला आठवा महिना लागलाय. काल फोनवर म्हणाली, "मावशी, बाबागाडी कुठली घेऊ गं? बघून बघून डोकं भणभणलंय." तिचं ऐकता ऐकता मला आमची निळी गाडी आठवायला लागली. लेक आता कॉलेजात जाते, पण त्या गाडीचं डावं चाक कसं कुरकुरायचं ते अजून कानात आहे.

मैत्रिणीच्या मुलाची गाडी होती ती. ऐसपैस, पाठ पूर्ण आडवी होणारी. मान धरेपर्यंत लेक त्यातच गाढ झोपायची. पण आम्ही राहायचो वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नव्हती. कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात ते धूड घेऊन जिना कसा चढणार? शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी जिन्याखाली जागा करून दिली, तेव्हापासून गाडी तिथेच राहिली. त्या काकांचे उपकार विसरणार नाही.

भाचीला एवढंच सांगितलं की गाडी बघायच्या आधी तुझा रस्ता बघ. दार किती रुंद, लिफ्ट असली तर आतून केवढी, इमारतीच्या दारात पायऱ्या किती, कारच्या डिकीत काय मावतं, आणि रोज ढकलणार कोण. रंगबिंग नंतर. पण माझी माहिती जुनी, आता गाड्या खूप बदलल्यात. तुम्ही काय घेतलंत, काय उपयोगी पडलं, लिहा ना. भाची वाचणार आहे.

रेवाआई
छत्रीगाडी! डोळे मिटून छत्रीगाडी. हलकी, घडी झाली की दाराआड उभी राहते, उचलून चालू लागायचं. बाकी रात्री लिहिते, पिल्लू उठलं.

पाऊलवाट
रेवाआई, छत्रीगाडी छानच, पण मोरपिशीताई, भाचीला सांगा की ती पुढच्या टप्प्याला. मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेत जोर नसतो. अर्धवट बसतं ठेवलं की हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनलिका इतकी अरुंद आणि मऊ असते की तेवढ्यानेही श्वासाला अडथळा येऊ शकतो, आणि बाळ आवाजही करत नाही. म्हणून आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण ६ महिन्यांपर्यंत, पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडी हवी किंवा वर पाळण्यासारखी टोपली बसवता येणारी. बहुतेक साध्या छत्रीगाड्यांची पाठ तेवढी मागे जात नाही.

कारसीट काढून गाडीच्या सांगाड्यावर खटकन बसवायची सोय असते, ती सगळ्यांना आवडते. सोय चांगली आहे. फक्त कारसीट प्रवासासाठी आहे. मुक्कामी पोचलं की झोपलेलं बाळही उचलून सपाट जागी ठेवायचं. "आत्ताच डोळा लागलाय, राहू दे" असं वाटतं, पोटातून तुटतं, मला माहीत आहे. तरी उचलायचं. दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांच्या बाबतीत तर फारच जपायचं, डॉक्टरांना विचारूनच.

आणि ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं टाकून सगळीकडून झाकू नका. पातळ असलं तरी नको. हवा खेळत नाही, आत भराभर तापतं, आणि बाळ दिसतही नाही. मोठा टप असलेली गाडी घ्या, जाळीची खिडकी असेल तर उत्तम. मधूनमधून मानेमागे हात लावून बघा, गरम आणि ओलसर लागली तर बाळाला उकडतंय.

मोरपिशी
पाऊलवाट, किती नीट समजावलंत. हे जसंच्या तसं भाचीला पाठवलं.

चैत्रपालवी
कारसीटमधून उचललं की जागं होतं आणि मग दोन तास कोण झोपतंय... पण आता उचलेन. खरंच धन्यवाद.

खटपट्या
चाकांबद्दल कोणी बोललंच नाही अजून! मी बोलतो, माझा आवडता विषय.

दुकानातली फरशी गुळगुळीत. तिथे कुठलीही गाडी लोण्यासारखी पळते. तुमचा रस्ता खडबडीत असेल तर छोटी कडक चाकं प्रत्येक फटीत अडकणार आणि हादरा थेट बाळाच्या पाठीला. मोठी चाकं खड्डा सहज ओलांडतात. हवा भरायची चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण पंक्चर होतात, पंप जवळ ठेवावा लागतो. आत फोम भरलेली मिळतात, ती मधला मार्ग. पुढची चाकं गरगर फिरणारी असली तर वळवायला सोपं जातं, पण खडीवर तीच थरथरतात, म्हणून त्यांना सरळ अडकवायचा खटका आहे का ते बघा.

दुकानात गाडी ढकलून बघताना आत वजन ठेवा. रिकामी गाडी ढकलून काही कळत नाही. मी आमची दोन्ही दप्तरं पुस्तकांनी भरून घेऊन गेलो होतो. एक हात सोडून ढकललं तरी गाडी सरळ जायला हवी, कारण दुसऱ्या हातात कायम काहीतरी असतंच.

रेवाआईंच्या छत्रीगाडीची गोष्ट मला फार आवडते. ओवेन मॅक्लारेन नावाचा ब्रिटिश विमान अभियंता होता. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं उड्डाणानंतर आत घेतली जातात, त्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. नातवंडाची अवजड गाडी नेताना लेकीचे हाल बघितले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वजन जेमतेम ३ किलो! एका आजोबांच्या मायेतून आलेली वस्तू आहे ती.

रेवाआई
अरे वा, हे माहीतच नव्हतं!! आता गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघणार. पाऊलवाट, बरोबर आहे तुमचं, आमचं पिल्लू बसायला लागल्यावरच घेतली होती, ते लिहायचं राहिलं.

निवडुंग_फुललेला
खटपट्या, १७३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंटने गाडी केली होती, शिंपल्याच्या आकाराची, ती बकरी किंवा छोटं तट्टू ओढायचं म्हणे. आमच्या ब्रेक न लागणाऱ्या गाडीपेक्षा बकरी बरी, निदान हाक मारली तर थांबेल :)

दुपारवेळ
ब्रेकवरून आठवलं. ब्रेक चप्पल घालून लावून बघा आणि सोडवूनही बघा! काही गाड्यांचा ब्रेक दाबला की लागतो, पण सोडवताना पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो. बुटात कळत नाही, चपलेत अंगठा सोलवटतो. दाबून लागणारा आणि पुन्हा दाबूनच सुटणारा असतो, तो घ्या. दोन्ही मागची चाकं एकाच वेळी अडकली पाहिजेत.

उतारावर माझा नियम ठरलेला आहे: थांबले की ब्रेक. फोन काढायचाय, ब्रेक. ओळखीचं कोणी भेटलं, ब्रेक. शिवाय गाडी उताराला आडवी उभी करायची. रेल्वेच्या फलाटावर तर ब्रेक लावूनही हात सोडायचा नाही, फलाट कधीकधी रुळांकडे किंचित उतरता असतो, डोळ्यांना कळत नाही. मनगटात अडकवायचा पट्टा येतो काही गाड्यांना, मी तो कधीच काढला नाही.

सारथी_आजोबा
नमस्कार. आमच्या घरी मुलगा-सून नोकरीला, त्यामुळे गाडी ढकलणारा मीच. मुलगा उंच, सून ठेंगणी, मी मधला. दांडा वरखाली होणारी गाडी घेतली म्हणून तिघांचं भागलं. दांडा साधारण कमरेच्या वर, कोपर किंचित वाकलेलं राहील इतका हवा. खाली असला की वाकून चालावं लागतं, आणि माझ्या पाठीचे मणके लगेच सांगतात.

दुसरं म्हणजे बाळाचं तोंड आपल्याकडे असावं. नातीशी मी वाटभर बोलतो. झाड दिसलं की झाड, कुत्रा दिसला की कुत्रा. ती माझ्या तोंडाकडे बघत असते. आता मोठी झाली, तिला पुढचं जग बघायचं असतं, म्हणून बैठक फिरवून दिली. दोन्हीकडे फिरणारी बैठक ही फार जुनी युक्ती आहे, अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी १८८९ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, हे नातवाने शोधून दिलं.

चैत्रपालवी
आजोबा, किती गोड लिहिलंत. माझे बाबा असेच बोलत राहायचे लेकाशी. गेल्या वर्षी गेले. लेक अजून झाड दिसलं की आजोबांच्याच सुरात "झा—ड" म्हणतो.

सारथी_आजोबा
बाळा, म्हणू दे त्याला. तुझे बाबा त्याच्याबरोबर आहेत.

रेवाआई
❤️

जुळ्यांची_आई
जुळी असतील तर? शेजारी-शेजारी की मागे-पुढे? सातवा चालू आहे, दोघी जणी आहेत म्हणे.. नाव आधीच घेऊन ठेवलं :)

कोलाहल
अभिनंदन! आमचेही जुळे. शेजारी-शेजारीवाली घेतली. दोघांना सगळं दिसतं, कोणाचे पाय कोणाच्या डोक्याला लागत नाहीत, वळायलाही सोपी. पण रुंदी मोजा, ७५ सेंमीच्या आसपास जाते. पुढचं दार मोजताना चौकट नाही, दार उघडल्यावर जी मोकळी जागा उरते ती मोजा. लिफ्टचंही तेच. मागे-पुढेवाली अरुंद असते, कुठेही शिरते, पण लांब होते, पायरीवर चढवताना पुढची बाजू उचलायला जोर लागतो, आणि काहींमध्ये मागच्याला पुढच्याची पाठच दिसते.

पट्टे दोघींना पाच ठिकाणी अडकणारे: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. नुसता कमरेचा असला की पोरं सुळकन खाली सरकतात किंवा उभी राहतात. आमचा एक जण तर सुटण्यात पटाईत.

जुळ्यांची_आई
मोजपट्टी घेऊनच उठले. दार बसतंय, लिफ्टचं उद्या.

अबोल
आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, लिहू की नको कळत नव्हतं. लेकाचे स्नायू जन्मापासून सैल आहेत. वयाने मोठा झाला तरी आधाराशिवाय बसता येत नाही. नेहमीच्या गाडीत तो एका कुशीला कलंडायचा आणि आम्ही दोन्हीकडून उशा लावायचो. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं की उशांनी पाठीचा कणा तसाच वाकडा बसतो. मग मान, कंबर आणि पाय यांना वेगवेगळा आधार जुळवता येणारी खास गाडी मिळाली. आता तो बाहेर गेला की मान वर करून बघतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी बाबागाडीच्या दुकानाआधी थेरपिस्टकडे जावं. साध्या गाड्यांना वजनाची मर्यादाही असते, युरोपच्या EN १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोपर्यंत. ते लेबल वाचा.

मोरपिशी
अबोल, बरं झालं लिहिलंत. तुमच्या लेकाला खूप आशीर्वाद. अजून लिहा कधीही.

पाऊलवाट
थेरपिस्टचं अगदी बरोबर. अशा मुलांची बैठक दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायची, मूल वाढतं तशी.

कुंपणावरची
आमच्या बाईसाहेब गाडीत बसल्याच नाहीत. ठेवलं की कमान! मी कापडी झोळीत छातीशी बांधूनच फिरवली. गाडीत सामान आणि बाळ अंगावर :) त्यामुळे मी म्हणेन आधी कोणाची तरी गाडी मागून आणून बघा.

सामान ठेवायचं तर खालच्या टोपलीत हं. दांड्याला पिशव्या लटकवल्या की बाळाला उचलल्याबरोबर गाडी मागे उलटते. बाळ आत असतानाही उलटू शकते.

निवडुंग_फुललेला
कमान!! अगदी तस्सं. माझ्या पुतण्याची आठवण झाली.

धाकटी_पाती
वापरलेली गाडी घ्यावी का? नणंद देतेय.

खटपट्या
घ्या की, पण तपासून. ब्रेक लावून चढावर ढकलून बघा. पट्ट्यांचे खटके जोरात ओढा. उघडल्यावर कुलूप लागल्याचा "खट्" आवाज आला पाहिजे, आणि दांडा दाबल्यावर गाडी मिटायला नको. मॉडेल नंबर घेऊन कंपनीने ते परत मागवलंय का ते शोधा. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख छत्रीगाड्यांसाठी बिजागरीवर लावायची आवरणं वाटावी लागली होती, कारण उघडताना लहान मुलांची बोटं त्यात सापडून तुटली होती. नवी असो की जुनी, उघडता-मिटताना मूल हातभर लांब हवं. मोठं भावंड असेल तर त्याच्याकडे आधी बघा, त्यालाच मदत करायची घाई असते.

धाकटी_पाती
बापरे. बरं. आणि तिचं चाक कुरकुरतंय, खोबरेल टाकू का?

मोरपिशी
आमचं डावंच कुरकुरायचं! आम्ही खोबरेलच टाकायचो.

खटपट्या
तेल नको, धूळ चिकटून आठवड्यात पुन्हा कुरकुर. आधी चाक काढा, आसात गुंडाळलेले केस आणि दोरे निघतील, मूठभर निघतात. मग कोरडं पुसून सिलिकॉनचा फवारा.

धाकटी_पाती
केस निघाले!!! ईईई. नणंदेचेच असणार, लांब आहेत. कापड धुवायचं कसं, सुटतच नाहीये खालच्या बाजूने?

दुपारवेळ
बैठकीच्या मागे चेन असते, टपाच्या दोन बटणांच्या खाली. नाही दिसली तर फोटो टाक. आणि उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नकोस, आत बुरशी धरते.