प्रतिसाद: जुन्या काँक्रीटवर मालाचा थर
तळघराची जमीन दीड इंच उचलायला जुन्या काँक्रीटवरच माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) पसरला तर चालेल का, असं विचारलंय. चालेल, पण आधी दोन फुटी प्लॅस्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खालून घाम धरला तर पहिल्यांदा ओलीचा बंदोबस्त करा. मग टाचे मारा (छिन्नीने पृष्ठभाग खरबरीत करा), धूळ काढा, काँक्रीट भिजवा. त्यावर सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लावा; ती ओली असतानाच माल पडला पाहिजे. आमच्या गवंड्याने स्लरी सुकू दिली. सहा महिन्यांत टाइलवर टिचकी मारली की पोकळ आवाज! सगळं उखडलं. माल १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), कोरडसर: मुठीत गोळा व्हावा, पाणी सुटू नये. जिन्याची खालची पायरी दीड इंचाने बुटकी होईल, तेही आत्ताच मोजून घ्या.