मदत हवी आहे: एनएमओनंतर हातापायांत येणारे जीवघेणे पेटके

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४) मार्चमध्ये न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचं (एनएमओ, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यांच्या नसांवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) निदान झालं. मानेपासून खाली मज्जारज्जूला सूज, अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी (या आजाराची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह. स्टेरॉइड, प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) झालं, आता आजार पुन्हा उलटू नये म्हणून रिटुक्सिमॅब चालू आहे. काठी धरून चालायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो. तेव्हाच हे पेटके सुरू झाले.

आधी उजव्या हाताची बोटं झिणझिणतात, मग मनगट आत वळतं, पाय ओंडक्यासारखा ताठ होतो. जेमतेम मिनिटभर, पण दिवसातून पंधरा-वीस वेळा. कूस बदलली की हमखास. परवा भाकरी मोडताना आला. तुकडा मुठीत चुरगळला आणि ती ओठ दाबून भिंतीकडे बघत राहिली. शुद्ध जात नाही, सगळं कळत असतं, हेच फार वाईट.

आधीच्या डॉक्टरांनी ‘टेन्शन’ म्हणून कॅल्शियम दिलं. दोन आठवडे वाया गेले, तो राग अजून जात नाही. नव्या न्यूरोलॉजिस्टनी ही फिट नाही, मज्जारज्जूच्या इजेमुळे होतं असं समजावून कार्बामाझेपिन (नसा शांत करणारं औषध) सुरू केलं. चार दिवसांत पेटके पाच-सहावर आले! पण गुंगी फार, तोल जातो. औषधाच्या दुष्परिणामांसाठी अंगावरचं पुरळ आणि रक्तातलं सोडियम यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

कुणाच्या घरी हे झालंय का? गुंगी किती दिवसांनी उतरली? बॅक्लोफेनचा (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) उपयोग झाला का? औषध डॉक्टरांना विचारूनच बदलू. पण रात्री पेटका आला की तुम्ही हात धरता की मोकळा सोडता? मी धरते, आणि तिला जास्तच दुखतं असं वाटतं.