मदत हवी आहे: गणपतीतल्या मेळ्यांची जुनी पद्यं

नमस्कार मंडळी, पुण्यातल्या १९२० ते १९४० च्या काळातल्या मेळ्यांबद्दल, म्हणजे गणेशोत्सवात पदं म्हणत फिरणाऱ्या पथकांबद्दल, माहिती गोळा करतेय. आमचे आजोबा लहानपणी मेळ्यात होते, टिपऱ्या धरून एका ठेक्यात पाय टाकत रात्री उशिरापर्यंत या गणपतीसमोरून त्या गणपतीसमोर पदं म्हणत फिरायचे, त्यातली दोन-चार कडवी आत्तीला अजून पाठ आहेत पण पुढचं कुणालाच आठवत नाही.

तेव्हा मेळ्यांची पदं छोट्या पुस्तिकांत छापून निघायची आणि सरकारला खटकली तर जप्तही व्हायची. टिळकांच्या बाजूचा सन्मित्र समाज मेळा आणि ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे-दिनकरराव जवळकरांचा छत्रपती मेळा यांच्यातली पदांची चकमक तर प्रसिद्धच आहे, करमणूक आणि राजकारण एकाच चालीवर, मला हेच फार भारी वाटतं!

तर कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत अशी पद्यावली, मेळ्याचा ग्रुप फोटो असं काही आहे का? फोनवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल. आणि घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल तर प्लीज चाली गाऊन घ्या, रेकॉर्ड करा, छापलेल्या पदांवर चालीचं नुसतं नाव असतं, ती म्हणायची कशी ते त्यांनाच माहीत.