गूगल शीट्स: २० दिवसांचा उच्चांक ओलांडलेला शेअर संध्याकाळी यादीतून गायब का होतो?

पडताळा

एनएसईच्या ३० शेअरची शीट आहे. ए स्तंभात चिन्ह, बी मध्ये चालू भाव, सी मध्ये २० दिवसांचा उच्चांक. सीचं सूत्र (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच रोमन आहेत):

=मॅक्स(इंडेक्स(गूगलफायनान्स(ए२,"हाय",टुडे()-२०,टुडे()),०,२))

डी मध्ये बी > सी असेल तर "नवा उच्चांक" असं लिहून येतं. बाजार चालू असताना दोन-तीन शेअर दिसतात, संध्याकाळी एकही उरत नाही. शिवाय सीचे आकडे ब्रोकरच्या चार्टवरच्या २० दिवसांच्या उच्चांकाशी जुळत नाहीत, बऱ्याचदा कमीच भरतात. नक्की कुठे चुकतंय?

उभा_आडवा

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली: तुमच्या २० दिवसांत आजचा दिवसही येतो. बाजार बंद झाल्यावर आजची ओळ इतिहासात येऊन बसली, की सी मध्ये आजचाच हाय धरला जातो. भाव स्वतःच्याच हायच्या वर कसा जाणार? फार तर बरोबरी करेल. म्हणून तुलना नेहमी कालपर्यंतच्या उच्चांकाशी करायची.

दुसरी: टुडे()-२० म्हणजे कॅलेंडरचे २० दिवस. शनिवार-रविवार वजा केले की हातात १४ च्या आसपास ओळी उरतात, मध्ये सुटी आली तर आणखी कमी. चार्ट मात्र व्यवहाराचे २० दिवस मोजतो. डॉन्चियन चॅनेलचे (ठरावीक दिवसांतला उच्चांक-नीचांक दाखवणारा पट्टा) २० किंवा टर्टल पद्धतीचे (उच्चांक मोडला की खरेदी करायची) २० आणि ५५, हे सगळे व्यवहाराचेच दिवस.

उपाय म्हणजे जास्त दिवस मागवा, आजची ओळ गाळा आणि उरलेल्यांतून ताज्या २० ओळी घ्या. एच१ मध्ये एकदाच =टुडे() लिहा. मग सी२ मध्ये:

=लेट(डी, गूगलफायनान्स(ए२,"हाय",$एच$१-४५,$एच$१), जुने, फिल्टर(डी, इंडेक्स(डी,०,१)<$एच$१), मॅक्स(इंडेक्स(सॉर्टएन(जुने,२०,०,१,फॉल्स),०,२)))

४५ दिवसांत साधारण ३० ओळी येतात, २० ला पुरतात. ५५ चा उच्चांक हवा असेल तर ४५ च्या जागी १०० आणि सॉर्टएनमधल्या २० च्या जागी ५५ करा. गूगलफायनान्सच्या तारखेला १५:३० ही वेळ चिकटलेली असते, त्यामुळे "बरोबर" चिन्हाने तारीख जुळवायला गेलात तर कधीच जुळणार नाही. इथे "पेक्षा लहान" आहे म्हणून काम भागतं, आणि शीर्षकाची ओळही त्याच अटीत गळते. फिल्टर न लावता थेट उतरत्या क्रमाने लावलंत, तर शीर्षक सगळ्यात वर येऊन २० पैकी एक जागा खातं.

इंडेक्समधला शेवटचा २ विसरू नका. तो राहिला तर मॅक्स तारखांचे अनुक्रमांकही धरतो आणि उच्चांक ४६ हजारांच्या आसपास दिसतो. एमआरएफसारखा त्याहून महाग शेअर असेल तर त्याच्या ओळीत ही चूक लक्षातही येणार नाही!

पडताळा

जुळलं. पण टुडे()-४५ ऐवजी वर्कडे() वापरून बरोबर २० दिवस मागे गेलो तर?

उभा_आडवा

नको. सुट्यांची यादी दरवर्षी भरत बसावी लागते, आणि उलटाही घोळ होतो. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता, पण अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ चालू होता. वर्कडे() तो दिवस धरणारच नाही. तारखा मोजण्यापेक्षा ओळी मोजा. दिवाळीतल्या मुहूर्ताच्या तासाभराच्या सत्राची ओळ आली तर ती २० मध्ये ठेवायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवतो, कारण चार्टवरही ती असते.

भावप्रत

त्यात आणखी एक खड्डा आहे. बरेच जण सूत्राभोवती इफएरर(…,०) गुंडाळतात. गूगलकडून माहिती आली नाही की सी शून्य होतो, आणि कुठलाही भाव शून्याच्या वरच असल्यामुळे "नवा उच्चांक" पेटतो. ३० शेअरचा इतिहास एकदम मागवल्यावर काही चौकटी रिकाम्या राहणं नेहमीचंच आहे. शून्याऐवजी रिकामं अवतरण "" द्या, आणि डी मध्ये आधी इजनंबर(सी२) तपासा.

भावप्रतीतून (एनएसईच्या रोजच्या भावांच्या फाइलीतून) स्वतः डेटा भरत असाल तर बोनस आणि स्प्लिट सांभाळा. रिलायन्सचा १:१ बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला आणि भाव निम्म्यावर आला. भावप्रतीतले आधीचे आकडे आहेत तसेच राहतात, त्यामुळे पुढचे २० दिवस शेअर कितीही चढला तरी शीट गप्प बसते. त्या तारखेआधीचे ओपन, हाय, लो, क्लोज २ ने भागा, व्हॉल्यूमला २ ने गुणा.

उच्चांक हायचा घ्यायचा की क्लोजचा, यावर वाद आहेच. माझं मत: पातळी हायवरून ठरवा, ती ओलांडली की नाही हे क्लोजवरून. दिवसात क्षणभर वर जाऊन खाली आलेल्या भावावर शिक्का मारण्यात अर्थ नाही. डेटा एका टॅबमध्ये तारखेच्या चढत्या क्रमाने असेल, सी मध्ये हाय आणि ई मध्ये क्लोज, तर जी२२ मध्ये =मॅक्स(सी२:सी२१) आणि एच२२ मध्ये =इफ(ई२२>जी२२,"पार","") लिहून खाली ओढा. जी२२ मध्ये सी२२ येत नाही, म्हणजे आजचा दिवस आपोआप बाहेर राहतो.

सातासमुद्रापार

परदेशातून शीट वापरणाऱ्यांनी फाइल > सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा करावा. टुडे() शीटच्या टाइम झोनवर चालतं. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात एनएसई उघडते तेव्हा आदल्या रात्रीचे पावणेनऊ वाजलेले असतात. शीट तिथल्या वेळेवर असेल तर मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे बाजाराचे पहिले सव्वातीन तास, वरचं फिल्टर भारतातल्या कालची ओळही "आजची" समजून गाळतं.

पडताळा

इफएररमध्ये खरंच ० होता. उच्चांक किती दिवसांपूर्वी झाला तेही दाखवायचं आहे, मॅच() चालेल?

उभा_आडवा

चालेल, पण चढत्या क्रमाच्या डेटात तोच हाय दोनदा आला असेल तर मॅच() जुना धरतं. शेवटून शोधणारं घ्या: =२०-एक्समॅच(जी२२,सी२:सी२१,०,-१)+१. उत्तर १ आलं तर उच्चांक कालचा, २० आलं तर तो उद्या खिडकीबाहेर पडणार.