गर्द घेतो म्हणून कॅज्युअल्टीत भावाला कोणी हात लावेना

लालबागकर:
माझा धाकटा भाऊ गर्द (ब्राउन शुगर) घेतो, हल्ली सुईने. जांघेत मोठं गळू झालंय, ताप आणि हुडहुडी भरतेय. काल रात्री हॉस्पिटलात नेलं, केसपेपर काढला, डॉक्टरने हातावरचे डाग बघितले आणि तिथून पुढे सगळ्यांची भाषाच बदलली. बाहेरच्या बाकावर बसवलं, सिस्टर बाकीच्यांना म्हणाली पाकिटं सांभाळा, आमच्या मागून आलेले आत जाऊन आले. पहाटे त्याला उलट्या, पाय आखडले, नाकाडोळ्यांतून पाणी, सांगायला गेलो तर "नशा करताना कळलं नाही का". शेवटी उठून निघून आला आणि पेपरवर लिहिलं पेशंट पळून गेला. आता म्हणतो मेलो तरी चालेल पण तिथे जाणार नाही. ते नाही म्हणू शकतात का? पोलीस येतील का?

नाईटड्युटी_सिस्टर:
दादा आजच्या आज न्या, दुसरीकडे नेलं तरी चालेल. सुईने घेणाऱ्याला ताप आला तर नुसता गळवाचा असं धरून चालत नाही, इन्फेक्शन रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतं, म्हणून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची टेस्ट, लागतं. आणि जांघेतलं गळू गल्लीतल्या डॉक्टरकडे फोडून घेऊ नका, तिथे मोठी रक्तवाहिनी असते.
तो पळाला नाही हो, त्याला टर्की लागली, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा त्रास. शेवटचं घेतल्यावर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते, आणि त्यावर औषध आहे, ते न देता माणसाला बाकावर ठेवायचं आणि उठून गेला की पळाला लिहायचं, हे मी बघत आलेय आणि दर वेळी चीड येते. शेवटचं किती वाजता घेतलं ते नक्की सांगा, कारण ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे टर्कीवरची गोळी, लवकर दिलं तर टर्की उलट एकदम वाढते. सायकियाट्रीचा कॉल पाठवा, म्हणजे मानसोपचाराच्या डॉक्टरला बोलवा, म्हणून तुम्हीच मागा.

जुना_आरएमओ:
स्टाफची बाजूपण बघा. हातात सलाईनची सुई ठेवूनच गेलेले, सिस्टरवर हात उगारलेले पेशंट आम्ही बघितलेत, रात्री दोन डॉक्टर आणि ही गर्दी. सगळेच वाईट नसतात.

परळ_क्लीन:
आरएमओ सर, मी त्याच बाकावर बसलेलो आहे. माझ्या शिरा सगळ्या बसलेल्या, कुठली चालते ते मला माहीत, उजव्या पंजाच्या मागे बारीक सुई लावा म्हटलं तर "तू शिकवू नको", आणि सात ठिकाणी टोचलं. टर्कीत माणूस ओरडतो, मारायला नाही आलेला. एक गोळी वेळेवर मिळाली असती तर मी गप पडून राहिलो असतो, स्टाफचाही त्रास वाचला असता. लालबागकर, सुया बदलून देणारा आउटरीच वर्कर ओळखीचा असेल तर त्याला सोबत न्या, तो बोलला की फरक पडतो.

अ‍ॅडव्होकेट_दादर:
नाही म्हणू शकत नाहीत. परमानंद कटारा केसमध्ये १९८९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद नंतर, सरकारी असो की प्रायव्हेट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेला त्रासही मानसिक आजारात धरलाय, म्हणजे भेदभाव करता येत नाही. ओव्हरडोस असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिकोलीगल नोंद) होते, पण एमएलसी म्हणजे अटक नव्हे. एनडीपीएस या ड्रग्जविरोधी कायद्याच्या ६४अ कलमात स्वतःहून व्यसनमुक्तीचा उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण पण आहे. खिशात माल मात्र नेऊ देऊ नका.

लालबागकर:
दुसरीकडे नेलं, अ‍ॅडमिट केलं. सोनोग्राफी करून मग गळू कापलं, कल्चर पाठवलं. वेळ सांगितली, रात्रीची गोळी पण मिळाली, झोपलाय. सिस्टर, पुढची गोळी कुठून?

नाईटड्युटी_सिस्टर:
डिस्चार्जच्या आधीच सायकियाट्रीवाल्यांकडून ओएसटी सेंटरची (गर्दच्या जागी औषधाची गोळी देणारं केंद्र) चिठ्ठी लिहून घ्या. सेंटरला गोळी समोर जिभेखाली देतात, सुरुवातीला तरी रोज जावं लागतं. डिस्चार्ज रविवारचा देत असतील तर सोमवारपर्यंतची सोय आधी विचारा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केला तरी जवळचं केंद्र सांगतात.